माळावर कोण राहतं ते खाणीच्या आधी मोजू या

सप्रेम नमस्कार.

गावाच्या पूर्वेकडच्या माळावर दगडखाण आणि खडी क्रशर यांचा प्रस्ताव आलाय, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामसभेत त्यावर दोन तास भांडण झालं, ते इथे परत उकरत नाही. खडी लागतेच. रस्त्याला लागते, घरकुलाच्या स्लॅबला लागते, आणि खाण आली तर गावातल्या चार पोरांच्या ट्रॅक्टरला काम मिळेल हेही खरं. पण प्रस्तावाच्या कागदांत माळावरच्या जिवांसाठी जेमतेम अर्धं पान आहे. मोर, ससा, कोल्हा आणि ‘इतर सामान्य पक्षी’. लांडग्याचं नावच नाही. मग वाड्यातून कोकरू गेलं की आपण कुणाच्या नावाने बोंब मारतो?

असे अहवाल कसे तयार होतात याचा एक जुना किस्सा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं लिहिलेली सापडली होती. मजकूर रशियातल्या खाणीचा, तसाच उतरवलेला. आपल्या कागदांत निदान बर्च तरी नाही.

पुरंदर-बारामतीचा हा पट्टा उजाड दिसतो, म्हणून त्याला पडीक म्हणायची सवय लागलीय. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली चिंकाऱ्यासाठी झालं, पण ते अवघं 5.14 चौरस किलोमीटर. एवढ्यात चिंकारा मावत नाही, लांडगा तर नाहीच. त्यांचं बरंचसं आयुष्य गायरानात, ओढ्याकाठी आणि मेंढरांच्या वाटांवर जातं. दोघेही 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत, तरी अभयारण्याच्या हद्दीबाहेर त्यांच्या नावाचा एक कागदही नसतो.

म्हणून ग्रामसभेने नेमलेली आमची समिती वर्षभर पाहणी करणार आहे. एकाच हंगामात उरकून चालणार नाही. लांडग्याची पिल्लं थंडीत बिळाबाहेर दिसतात, भोवत्या हे शिकारी पक्षी थंडीतच येतात. माळटिटवी आणि धाविक हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालतात. पायाखाली आली तरी दिसत नाहीत. निळ्या गळ्याचा सरडा दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतो तोही उन्हाळ्यातच. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला (इंग्रजीत जीनस) नवं नाव दिलं तेव्हा आपलाच ‘सरडा’ हा शब्द उचलला. त्याच्या दगडावर उद्या सुरुंगाची भोकं पडणार असतील, तर तो तिथे आहे एवढी नोंद तरी हवी.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बंद पडलेल्या जुन्या खाणीच्या कड्यावर शृंगी घुबड घरटं करतं. म्हणजे खाण झाली की सगळं संपतं असं नाही, आणि तसं आम्ही लिहिणारही नाही. पाहणीत काहीच सापडलं नाही तर तेही छापू.

कायद्याची बाजूही आहे. 27 फेब्रुवारी 2012च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून पाच हेक्टरखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागते, पण इतक्या लहान खाणीला सहसा जनसुनावणी नसते. मात्र दोन खाणींच्या हद्दींत 500 मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्यांचा एकत्र विचार करावा लागतो. ओढ्यापलीकडची चालू खाण किती लांब आहे, ते आम्ही टेप धरून मोजणार आहोत.

खर्चाचं म्हणाल, तर सहा ट्रॅप कॅमेरे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे), दोन अभ्यासकांचा प्रवास व मुक्काम, आणि वाटा दाखवणाऱ्या मेंढपाळांची रोजंदारी मिळून एक लाख साठ हजारांचा अंदाज आहे. अडतीस हजार जमलेत. धनगरवाड्यावरच्या जाणत्या मंडळींना रोजंदारी देणं हा आमचा आग्रह आहे. अभ्यासकांचा खर्च भरतो, तसा त्यांच्या दिवसाचा मोबदलाही. वनखात्याच्या हद्दीत कॅमेरे लावण्यासाठी परवानगीचा अर्ज दिलाय.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात द्या आणि पावती घेतल्याशिवाय निघू नका. पन्नास रुपयेही चालतील. खाणीत भागीदारी असलेल्यांचे पैसे आम्ही घेणार नाही, आणि जमलेले पैसे कोर्टकचेरीत घालणार नाही. पुण्या-मुंबईत असलेल्या गावकऱ्यांनी जुनी दुर्बीण किंवा चालू स्थितीतला कॅमेरा पाठवला तरी मोठं काम होईल.

पैसे नसतील तर डोळे द्या. ठसा दिसला तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा. लांडगा आणि कुत्रा यांचे ठसे सहज ओळखू येत नाहीत, तेव्हा नाव आम्ही ठरवू. हाडं खाल्ल्यामुळे तरसाची विष्ठा वाळली की पांढरी पडते. ती दिसली तर हात न लावता कळवा. बिळाची जागा मात्र ग्रुपवर टाकू नका. गेल्या वर्षी एका फोटोपायी तीन दिवस मोटारसायकली फिरल्या आणि मादी पिल्लं घेऊन निघून गेली.

पहिली फेरी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, पहाटे साडेपाचला मारुतीच्या देवळापासून निघेल. पाणी, टोपी आणि बूट घेऊन या. चपला नकोत, माळावर फुरसं आहे.

आपली,
माळ पाहणी समिती