तुझा सिलिंड्रिकल नंबर आणि मळ्यातली विहीर

प्रिय पश्या,

चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर निघाला म्हणून घाबरलायस हे तुझ्या मेसेजवरूनच कळलं, फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

आठवतं, मळ्यातल्या विहिरीत नाणं टाकून आपण बुडी मारायचो आणि खाली डोळे उघडले की सगळं धुरकट? आपल्याला वाटायचं पाणी गढूळ आहे. पाणी नितळच होतं रे. शाळेत आपण सगळं श्रेय आतल्या भिंगाला द्यायचो, पण डोळ्याची किरण वळवायची ताकद साधारण 60 डायॉप्टर (ती मोजायचं एकक) धरली तर त्यातले 43 एकट्या कॉर्नियाचे, तो समोरचा पारदर्शक पडदा, मधे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड! हवेतून त्यात शिरताना किरण चांगलेच वळतात, पण पाण्याचा अपवर्तनांक (किरण किती वळतील ते ठरवणारा आकडा) 1.33 आणि कॉर्नियाचा 1.376, एवढ्याशा फरकात ते वळणार किती. पोहायचा गॉगल लावला की डोळ्यासमोर पुन्हा हवा येते आणि नाणं लख्ख दिसतं, बस एवढंच.

आता तुझा सिलिंड्रिकल नंबर म्हणजे काय, तर तुझा कॉर्निया चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नाही, चमच्याच्या पाठीसारखा एका बाजूने जास्त वळलाय, म्हणून उभे आणि आडवे किरण एका जागी जुळत नाहीत. हे खूप जणांना असतं, चष्म्याने भागतं. फक्त डोळे चोळायची तुझी सवय सोड, हात जोडून सांगतो, सतत चोळण्याचा आणि कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचा संबंध आहे. नंबर भराभर बदलत राहिला तर कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या वळणांचा नकाशा, करून घे.

आणि रात्री गाडी चालवताना समोरचे लाइट फाटतात म्हणालास ना, त्यात बाहुलीचाही, म्हणजे डोळ्याच्या मधल्या काळ्या भोकाचाही, हात आहे. उन्हात ती 2 मिलिमीटरपर्यंत आवळते, अंधारात 7-8 पर्यंत उघडते, म्हणजे 2 ची 8 झाली तर 16 पट जागा, आणि मग कॉर्नियाच्या कडेचे वेडेवाकडे वळलेले किरणही आत घुसतात. परवा माझ्या डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली होती, बाहेर आल्यावर उन्हात डोळे उघडवेनात आणि मोबाईलवरचं अक्षर लागेना. चष्मा काढून कार्डाला टाचणीने भोक पाड आणि त्यातून दूरची पाटी बघ, बरीच स्पष्ट दिसेल, कारण अगदी बारीक झोत आत जातो आणि पसरायला जागाच राहत नाही. डॉक्टर ती भोकाची काळी पट्टी डोळ्यावर धरतात ती याचसाठी.

मे महिन्यात ये, दोन गॉगल आणून ठेवतो. विहिरीत अजून पाणी आहे.

तुझा,
बाळ्या