शैलास पत्र: आधी पेज घट्ट कर

वाळपई,
श्रावण

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

नातवाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी पिवळ्यात आली हे वाचून मलाही चैन पडेना. पिवळा म्हणजे ११.५ ते १२.५ सेंटिमीटर, मध्यम कुपोषण. त्याखाली लाल, तशी वेळ येऊ द्यायची नाही. डॉक्टरांना दाखवच, पण त्या महागड्या पावडरीच्या डब्याचा नाद सोड.

श्रावणात घर शिवराक, मासळी बंद. मग पोराच्या वाट्याला उकड्या तांदळाची पातळ पेज आणि लोणच्याचा खार, होय ना? एवढंसं पोट, ते पाण्यानेच भरतं. आधी पेज घट्ट कर, चमच्यातून ओघळणार नाही इतकी, आणि वर चमचाभर तूप किंवा खोबरेल. अन्न कमी पडलं की शरीर प्रथिनंसुद्धा सरपणासारखी जाळतं, वाढीला काही उरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन यांनी हे कधीचं ठासून सांगितलंय.

त्याच संस्थेचं पीठ घरी करता येतं: ४० ग्रॅम गहू, १६ ग्रॅम चणाडाळ, १० ग्रॅम शेंगदाणे, सगळं खमंग भाजून बारीक दळायचं आणि २० ग्रॅम गूळ घालायचा. एवढ्यातून ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमांवर प्रथिनं मिळतात. दीड वर्षाच्या मुलाची दिवसाची प्रथिनांची गरज जवळपास तेवढीच. शेंगदाणे मात्र अख्खे देऊ नकोस गं, घशात अडकतात.

आणि आपले अळसांदे (चवळीचाच प्रकार), मूग, कुळीथ! तांदळात लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी, कडधान्यात भरपूर, म्हणून भात आणि कडधान्य जोडीनं द्यावं. अळसांदे रात्रभर भिजवून मऊ शिजव, तिखट घालण्याआधी पोराची वाटी बाजूला काढ, चांगले कुस्कर आणि भातात कालव. कुळथाच्या पिठीचंही तसंच. नाचणीला मोड आणून सावलीत वाळव, मंद भाजून दळ. मोडांमुळे खीर गोळा होत नाही, त्यामुळे पीठ जास्त घालता येतं.

सूनबाईला बोल लावू नकोस. ती पहाटे कामावर जाते. पीठ तू दळून ठेव, भरवायचं काम आजोबांनाही जमेल. एकदम वाटीभर नको, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. अंगणवाडीतला आहारही त्याच्याच पोटात जाऊ दे, घरभर वाटू नका.

पंधरा दिवसांनी पट्टी लावून आकडा कळव. आमच्या वायंगणातले, म्हणजे रब्बीतले, अळसांदे राख लावून ठेवलेत, पेडण्याला येणाऱ्या कुणाकडे तरी दोन किलो देते.

तुझीच,
माया