झाडांची नोंद नसेल तर ले-आऊट मंजूर नको

संपादक महोदय,

बेळगावजवळच्या अनगोळ, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात आता भाताऐवजी प्लॉटचे दगड दिसतात. शेती एनए (बिगरशेती) होते, जेसीबी येतो आणि बांधावरचे आंबे, चिंचा, जांभळी आडव्या होतात. घरे हवीतच. पण कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा 1976 चा आहे. काही जाती वगळता खासगी जमिनीतले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. अडचण अशी की ही परवानगी मागेपर्यंत ले-आऊटचा, म्हणजे प्लॉट पाडण्याचा, नकाशा मंजूर झालेला असतो आणि जुने झाड नेमके रस्त्यात येते. म्हणून बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) ले-आऊटच्या अर्जासोबतच प्रत्येक मोठ्या झाडाची जागा, जात आणि बुंध्याचा घेर दाखवणारा नकाशा सक्तीचा करावा. उद्यानाची जागा कोपऱ्यातल्या निरुपयोगी तुकड्यात न दाखवता झाडे आहेत तिथेच घ्यावी. गटारीची चर झाडाच्या पसाऱ्याखालून नेली की मुळे तुटतात आणि वाचवलेले झाडही काही वर्षांत वठते. पसाऱ्याखालची तेवढी जागा काम संपेपर्यंत कुंपण घालून राखावी. नवी रोपे जरूर लावा, पण जुन्या चिंचेची सावली त्यांनी भरून निघत नाही. महापालिकेने ले-आऊट ताब्यात घेण्याआधी नकाशातली झाडे जाग्यावर आहेत का, हे पाहावे.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव