उंची म्हणजे सुरक्षितता नव्हे

महोदय,

‘विमान इतक्या उंचावरून जाते, मग खालच्या युद्धाची भीती कशाला?’ असे अनेक जण मला विचारतात. मी आयुष्यभर रडारदुरुस्ती केली, म्हणून लिहितो. खांद्यावरून डागायचे क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेमागे धावते. त्याची मजल साधारण १५ हजार फुटांची. गाडीवरून क्षेपणास्त्र डागणारी ‘बुक’सारखी रशियन यंत्रणा मात्र ३३ हजार फूट सहज गाठते. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनच्या युद्धभूमीवर ‘बुक’ने पाडलेले मलेशियाचे प्रवासी विमान एमएच १७ नेमके त्याच उंचीवर होते आणि युक्रेनने बंद केले होते ते ३२ हजार फुटांखालचे आकाश! २९८ माणसे गेली.

जमिनीवरचे रडार लक्ष्यावर लहरी सोडते, परावर्तित लहरींचा माग काढत क्षेपणास्त्र जाते आणि विमानाजवळ फुटते. तुकडेच विमान चिरतात. शत्रू-मित्र ओळखणारे उपकरण फक्त ‘आपले’ विमान ओळखते. उरलेला ठिपका लढाऊ विमानाचा की लेकुरवाळ्या प्रवाशांचा, हे त्याला कळत नाही. त्यात ‘बुक’ची प्रक्षेपक गाडी दूरवरचे आकाश पाहणाऱ्या मोठ्या रडारपासून तुटून एकटीही मारा करू शकते. मला सर्वांत घातक वाटते ते हेच.

८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधील तळांवर क्षेपणास्त्रे डागली, हवाई संरक्षण सज्ज ठेवले आणि तेहरानचा विमानतळ सुरूच ठेवला. काही तासांत इराणच्याच हवाई संरक्षणाकडून युक्रेनचे प्रवासी विमान पाडले गेले, १७६ बळी. सज्जतेचा आदेश निघताच नागरी उड्डाणे थांबवणे सर्व देशांवर बंधनकारक करा. तोवर विमान कंपन्यांनी तिकिटाबरोबर मार्गही कळवावा.

– एक निवृत्त रडार तंत्रज्ञ