रविवारचा सिंहगड आणि डब्यातले दाणे

सभासदहो,

रविवारी सकाळी ६ वाजता आतकरवाडीच्या पायथ्याशी जमायचं आहे. आधी डब्यांविषयी थोडं.

आपल्यात दोघांना दमा आहे, त्यातल्या एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. नुसत्या खाण्यानं दमा उसळणं तसं कमी आढळतं; पण दम्यासोबत अन्नाची अ‍ॅलर्जी असेल, तर रिअ‍ॅक्शन जास्त गंभीर होऊ शकते. आणि आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं? खिचडी, लसणाची चटणी, काकडीची कोशिंबीर, झालंच तर ठेचासुद्धा. त्यामुळे कूट घातलेल्या डब्यावर चिठ्ठी लावा, चमचे वेगळे ठेवा. ‘चिमूटभरानं काय होतंय’ हा आग्रह कृपया घरीच ठेवून या.

सुक्या जर्दाळूत सल्फाइट (टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) असू शकतं. काही दमेकऱ्यांना तेही सोसत नाही. पाकीट वाचून आणा.

दम्याचा पंप (इन्हेलर) सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर नुसत्या पंपावर विसंबू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला दिलेलं असेल तर ते आधी टोचा, आणि लगेच १०८ ला फोन. त्या माणसाला चालवत खाली आणू नका.

गडावरचं ताक ज्याच्या त्याच्या खर्चानं.