शंभर हात, मग पटाशी

प्रिय दिन्या,

काल लेकीनं इथल्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नेलं. चीनच्या छिएनलोंग बादशहाचं सिंहासन पाहिलं आणि पहिली आठवण तुझ्या कारखान्याची झाली.

१७७५ ते १७८० च्या दरम्यानचं काम. बीजिंगच्या दक्षिणेला बादशहाचं शिकारीचं रान होतं, तिथल्या महालातलं. १९०० सालच्या बॉक्सर बंडाच्या, म्हणजे चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या उठावाच्या वेळच्या लुटीत निघालं, १९२२ साली इथे आलं. लांबून मला ते लाकडात कोरलेलं वाटलं. पण लाकूड नुसता आतला सांगाडा रे! कोरलंय ते वरच्या लाखेत.

आणि ही आपली लाख नव्हे. आपली किड्याची, त्यांची झाडाच्या चिकाची. झाड काजू-बिब्ब्याच्या कुळातलं, ताजा चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. उन्हात ठेवून तो वाळत नाही, दमट जागीच धरतो. तू पॉलिशचे तीन-चार हात देतोस ना? इथे शंभर-शंभर हात! प्रत्येक अगदी पातळ, कारण जाड दिला तर वर सुरकुत्या आणि आत कच्चा. एवढं करून जाडी येते काही मिलिमीटर. लाल रंग हिंगुळाचा.

मग पटाशी. लेप पुरता कडक व्हायच्या आत कोरायचं, आणि हात घसरला तर महिन्यांची मेहनत गेली. एका लाल डबीवर वाकून पाहिलं. माणसं, झाडं जरा उंच, आणि मागे आकाश, पाणी, जमीन अशा तिन्हींची बारीक जाळी वेगवेगळी. पाण्याच्या लाटा नखाएवढ्या जागेत, एकही कड तुटलेली नाही. छिएनलोंग असली कामं सुजौ शहरातल्या कारागिरांकडून करून घेई. त्या डबीवर कारागिराचं नाव नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

अजून एक. त्या दरबाराला सगळ्यात प्रिय लाकूड झितान, म्हणजे आपलं रक्तचंदन! दक्षिण भारतातून समुद्रमार्गे जायचं. झाड सावकाश वाढतं, मोठी फळी मिळणं मुश्कील, म्हणून तुकडा वाया जाऊ देत नसत.

तुझ्या आईची रक्तचंदनाची बाहुली आहे ना अजून? सूज आली की सहाणेवर उगाळून लावायच्या ती? पाण्यात टाकून बघ. खरं रक्तचंदन बुडतं. काय झालं ते कळव.

तुझा,
बाळ्या