वाफसा आल्याशिवाय रानात यंत्र घालू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरणी जवळ आली की बियाणे, खते आणि औषधे यांविषयी आपल्या दैनिकात विस्ताराने लिहिले जाते. मात्र हे सारे ज्या जमिनीत पडायचे, तिच्या पूर्वमशागतीचा विषय दोन-चार ओळींत उरकला जातो, याची खंत वाटते.

रोटाव्हेटर दोन-तीनदा फिरवून मातीचे पीठ केले की रान तयार झाले, असा समज अलीकडे रूढ झाला आहे. हे यंत्र साधारणपणे 10 ते 15 सेंटिमीटर खोलीपर्यंतच काम करते आणि त्याची पाती दर हंगामात त्याच पातळीवर घासत राहिल्याने खाली कठीण थर धरतो. वरून भुसभुशीत दिसणाऱ्या अशा रानात पाणी मुरत नाही, मुळे खोल न जाता आडवी पसरतात आणि पावसाने थोडी उघडीप दिली तरी पीक माना टाकते. शिवाय फार बारीक झालेल्या मातीवर जोराची सर आली की पापडी धरते आणि कोंब वर येताना अडतो. बारीक माती बियाभोवती असली की पुरते, साऱ्या शेतात तिची गरज नसते.

त्याहून मोठे नुकसान वाफसा येण्याआधी, म्हणजे ओली माती मशागतीजोगी सुकण्याआधी, ट्रॅक्टर घातल्याने होते, आणि ते भारी, म्हणजे चिकण मातीच्या, जमिनीत अधिक. नांगराच्या खोलीवरची माती तळहातांत वळून पाहावी. तिची सुमारे 3 मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली, तर रान अजून ओले आहे असे समजून थांबावे. भाड्याचे यंत्र ठरल्या दिवशीच मिळते, ही अडचण खरी आहे. तरीही दाबून बसलेला थर पुढे सबसॉयलरने, म्हणजे खोलवरची माती फोडणाऱ्या अवजाराने, फोडावा लागतो, आणि तोही जमीन कोरडी असतानाच नीट फुटतो, हे लक्षात घेता थोडा उशीर परवडतो.

उताराला आडवी नांगरट, पूर्ण कुजलेले शेणखत आणि खते देण्याआधी माती परीक्षण या गोष्टी बहुतेकांना ठाऊक आहेत. कापणीनंतर रानात उरलेली धसकटे जाळणे मात्र अजूनही थांबलेले नाही, आणि त्यात सेंद्रिय कर्बाबरोबर नत्रही हवेत जाते.

वाफसा कसा ओळखावा आणि ओल्या जमिनीत लोखंडी गज दाबून कठीण थर किती खोलीवर आहे हे कसे तपासावे, याची सचित्र माहिती आपण मशागत सुरू होण्यापूर्वी शेतीच्या पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक